त्रिशंकूचे छायाचित्र

घराच्या माडीवर, दार लोटून, पंखा मध्यम गतीवर ठेवून आणि अंगात घरचाच लेंगा असताना अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या वैमानिकांचा जो एक नवा वर्ग गेल्या काही वर्षांत आपल्या समाजात उदयास आला आहे, त्याचे थोडे बारकाईने निरीक्षण करणाऱ्या कोणाच्याही लवकरच ध्यानात येईल, की या वर्गातील पुष्कळसे सभासद विमान चालवीतच नाहीत. ते विमान आकाशात नेतात, एखाद्या देखण्या ढगाशेजारी आणून उभे करतात, आणि मग तास न् तास त्याच्या तसबिरी काढीत बसतात. विमान मुक्कामास पोहोचले की नाही ही चौकशी त्यांना अप्रस्तुत वाटते. ‘लंडनला उतरलास का?’ या प्रश्नावर ‘आल्प्सवर प्रकाश काय सुरेख होता!’ असे उत्तर मिळाले, तर विचारणाऱ्याने ते निमूटपणे पदरात घ्यावे आणि जेवायला बोलवावे. आमच्या घरी हा अनुभव नित्याचा आहे, कारण आमचे चिरंजीव याच संप्रदायातले.

विमान आकाशात उभे करतात, हे आम्ही अलंकारासाठी लिहिलेले नाही. संगणकावरील या उड्डाणाच्या खेळात, म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, ‘ॲक्टिव्ह पॉज’ नावाची एक सोय आहे. ती लागू केली की इंजिने घरघरत राहतात, दिवे लुकलुकत राहतात, ढग वाऱ्याबरोबर सरकत जातात, परंतु विमान मात्र होते त्या जागेवरून तसूभरही हलत नाही. सरकारी कचेऱ्यांशी ज्यांचा वारंवार संबंध येतो त्यांना या अवस्थेत नवल करण्यासारखे काही आढळणार नाही. त्रिशंकूला स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामध्ये असेच अडकवून ठेवण्यासाठी विश्वामित्राला आपले तपोबल खर्ची घालावे लागले आणि इंद्राशी वैर पत्करावे लागले. चिरंजिवांना तेच कार्य एक कळ दाबून साधते, शिवाय त्यांचा त्रिशंकू खाली डोके वर पाय अशा केविलवाण्या स्थितीत न लोंबता, किंचित उजवीकडे कललेला, पंखाची वरची बाजू सूर्याला दाखवणारा, असा डौलदार लोंबतो.

वास्तविक या यंत्राच्या जन्मदात्याला सौंदर्याशी काही कर्तव्य नव्हते. अमेरिकेतील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक या गृहस्थांच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतले भाते काढून, त्यांच्यावर एक पेटीवजा विमान बसवून, ते डुलवीत डुलवीत उड्डाण शिकविण्याचे यंत्र लिंकसाहेबांनी १९२९ साली सिद्ध केले. आरंभी या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांचे. पुढे १९३४ साली अमेरिकन लष्कराने टपाल वाहून नेण्याचे काम अंगावर घेतले आणि खराब हवेत त्याचे वैमानिक मृत्युमुखी पडू लागले, तेव्हा कोठे लष्कराला सुबुद्धी होऊन त्याने अशी सहा यंत्रे खरेदी केली. आता या यंत्रातली खरी मौज अशी, की त्याला खिडकी नव्हती. म्हणजे शिकणाऱ्यास आत बसविल्यावर वरून झाकण लावून घेत, कारण बाहेरचे काही दिसत नसताना केवळ काट्यांवर नजर ठेवून विमान सरळ कसे न्यावे, हेच तर त्याला शिकवायचे असे. ज्या घराण्याचा मूळपुरुष असा डोळ्यांवर झापड घेऊन जन्मला, त्याच्या आजच्या वंशजांना खिडकीबाहेरच्या देखाव्याखेरीज दुसरे काहीच नको आहे, यास कालमहिमा म्हणावे की कुलक्षय, ते ज्याने त्याने ठरवावे.

मधल्या पिढ्यांत देखावा होता, पण तो पाहणाऱ्याच्या श्रद्धेवर अवलंबून असे. ब्रूस आर्टविक यांनी ॲपल संगणकासाठी रचलेल्या सिम्युलेटरात चार-सहा रेघा म्हणजे पर्वत आणि उरलेला अंधार म्हणजे आकाश अशी वाटणी होती. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने आपला सिम्युलेटर बाजारात आणला तेव्हा शिकागोच्या मेग्ज फील्ड विमानतळावरून उडणाऱ्या वैमानिकाला सरोवर, शहर आणि क्षितिज यांची ओळख पटविण्यास बऱ्याच सद्भावनेची गरज लागे. त्या काळी त्या पडद्याचे चित्र काढून आप्तेष्टांना दाखवावे अशी बुद्धी कोणाला झाली असती, तर घरच्यांनी वैद्याला बोलावले असते. परंतु २०२० साली फ्रान्समधील बोर्दो शहराच्या असोबो स्टुडिओने रचलेली या खेळाची नवी आवृत्ती आली आणि सगळाच मामला पालटला. उपग्रहांनी आणि विमानांनी टिपलेली अखिल पृथ्वी, सुमारे ३७,००० विमानतळ, आणि वरून दिसणाऱ्या छपरांवरून अंदाज बांधून यंत्रानेच उभारलेल्या दीड अब्ज इमारती, एवढा ऐवज घरबसल्या पुढ्यात आला. आणि दीड अब्ज घरे ज्या पृथ्वीवर आहेत तिचे छायाचित्र काढू नये असे म्हणणारा तरी कोण?

यंत्राने बांधलेल्या या सृष्टीत काही ठिकाणी विश्वकर्म्याचा हात किंचित चळला, हेही सांगितले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या एका उपनगरात, बैठ्या कौलारू घरांच्या वस्तीत, एक सडसडीत मनोरा एकाएकी गगनात घुसलेला लोकांना दिसला. चौकशीअंती असे निष्पन्न झाले, की सार्वजनिक नकाशात एका इमारतीचे २ मजले लिहिताना कोणाच्या तरी हातून २१२ लिहिले गेले होते, आणि यंत्राने तो आकडा निमूटपणे प्रमाण मानून तितके मजले चढविले होते. आमच्या शेजारी भूमापन खात्यातून सेवानिवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही ही हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी क्षणभर डोळे मिटून ‘हस्तदोष’ असा एकच शब्द उच्चारला, आणि त्या एका शब्दात त्यांच्या सबंध नोकरीची कैफियत आली. छायाचित्रकारांनी मात्र त्या मनोऱ्याकडे झुंडीने धाव घेतली, कित्येकांनी त्याच्या माथ्यावर विमान उतरविण्याचे प्रयत्न केले, आणि तो दोष दुरुस्त झाल्यावर हळहळ व्यक्त केली.

आकाशातून छायाचित्र घेणे ही मुळात किती कष्टाची विद्या होती याची या मंडळींना कल्पना असती, तर आपल्या सुखाचे त्यांना थोडे दडपण तरी आले असते. १८५८ साली पॅरिसजवळ नादार नावाचा फ्रेंच छायाचित्रकार बलूनमध्ये बसून वर गेला. छायाचित्राच्या काचा तिथेच ओल्या करायच्या आणि तिथेच धुवायच्या, असा त्या काळचा शिरस्ता. आणि इतके करून काचा निघत त्या काळ्याठिक्कर, कारण बलूनमधून गळणारा वायू त्यांच्यावरील रसायनाचा नाश करी. पुढे जर्मनीतील क्रोनबर्गच्या नॉयब्रोनर नावाच्या औषधविक्रेत्याने कबुतरांच्या छातीवर चिमुकले कॅमेरे बांधून १९०८ साली त्या युक्तीचे पेटंट मिळविले. कबुतरांना चित्ररचनेविषयी काही मते नसल्यामुळे एका प्रसिद्ध छायाचित्रात राजवाड्याच्या दोन्ही बाजूंस खुद्द छायाचित्रकाराचेच पंख आले आहेत. आणि आवाजाहून वेगाने जाणाऱ्या काँकॉर्डचे छायाचित्र १९८५ साली आयरिश समुद्रावर एड्रियन मेरेडिथ यांनी घेतले, तेव्हा त्यासाठी ब्रिटिश हवाई दलाचे टोर्नेडो हे लढाऊ विमान पाठवावे लागले, आणि ते धापा टाकीत मागे पडू नये म्हणून प्रवासी विमानालाच आपला वेग कमी करावा लागला. जगातील कोट्यवधी लोकांना काँकॉर्डचे जे रूप आवडले ते या ओढाताणीतून, काही मिनिटांच्या अवधीतून निघालेले आहे. सिम्युलेटरात अवधीच अवधी आहे. टोर्नेडो नको, इंधन नको, परवाना नको, कबुतरही नको. आणि आमच्या मते या चित्रांचे दुखणे नेमके तेथेच आहे. जो मनुष्य स्वतःला चार बंधने घालून घेईल त्याचेच चित्र तेथे चित्रासारखे दिसते. बाकीच्यांचे, सर्व काही शक्य असल्यामुळे, कशासारखेच दिसत नाही.

पहिले बंधन सूर्याचे. खेळात सूर्य हा पगारी नोकर असतो. एक पट्टी सरकविली की तो उगवतो, मावळतो, परत उगवतो. जयद्रथवधाच्या दिवशी सूर्य झाकून पुन्हा प्रकट करण्यासाठी श्रीकृष्णाला सुदर्शन चालवावे लागले. येथे प्रत्येक घरी सुदर्शन आहे, आणि ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ असा खेळ दर संध्याकाळी चालतो. असे असूनही नवखा मनुष्य विमान बाहेर काढतो ते नेमके भर दुपारी, आणि विमानाचे पोट काळे का आले म्हणून यंत्राला दोष देतो. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्ही अगदी माथ्यावर येतो, तेव्हा तेथे माणसालाच सावली उरत नाही, तर विमानाच्या कुशीला उजेड कोठून मिळणार? मुरलेले लोक म्हणून सूर्य क्षितिजापासून हातभर वर असतानाच कॅमेरा उचलतात, आणि त्याला थेट पाठीमागे न ठेवता खांद्यावरून तिरपा येऊ देतात, म्हणजे विमानाची एक कूस उजळते, दुसरी अंधारते आणि धातूला गोलाई येते. आपल्याकडे संध्याकाळ फार लवकर आटोपते. म्हणून या संप्रदायातील श्रद्धाळू लोक नॉर्वेची यात्रा करतात. ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, आणि पुढे फेब्रुवारीत उगवला तरी क्षितिजाला धरूनच चालतो, त्यामुळे तेथे सकाळ संपली की लगेच संध्याकाळ सुरू होते आणि दुपार नावाचा अरसिक प्रकार मध्ये येत नाही.

दुसरे बंधन उभे राहण्याच्या जागेचे. या खेळात बाहेरचा कॅमेरा आपण होऊन जेथे उभा राहतो ती जागा विमानाच्या नेमकी पाठीमागची. तेथून काढलेल्या चित्रात विमानाची पृष्ठशोभा तेवढी दिसते, आणि अशा चित्रांची संख्या पाहता लोकांना हीच बाजू प्रिय असावी असा परदेशस्थाचा समज होईल. याहून धीट लोक ‘ड्रोन कॅमेरा’ घेऊन नाकासमोर जातात, पण इतके जवळ जातात की नाक भोपळ्याएवढे आणि शेपटी सुपारीएवढी येते. खऱ्या छायाचित्रकाराला दुसऱ्या विमानाच्या इतक्या जवळ जाता येत नाही, गेल्यास त्याचे चित्र पुढे वर्तमानपत्रात निराळ्या सदरात छापून येते; म्हणून तो दूर राहतो आणि लांब पल्ल्याच्या भिंगाने दूरचे जवळ आणतो. त्या भिंगाने विमानाचे प्रमाण शाबूत राहते आणि मागचा पर्वत जवळ सरकून त्याच्या खांद्याशी येऊन उभा राहतो. सिम्युलेटरातही उपाय हाच: आपण मागे हटावे आणि भिंग वाढवावे. हे सांगायला सोपे आहे. परंतु फुकट मिळालेल्या जवळिकीपासून मागे हटणारी माणसे जगात थोडी.

तिसऱ्या बंधनाची बजावणी आमच्या घरी शेजारचे भूमापक करतात. चिरंजिवांनी काढलेले प्रत्येक चित्र आम्ही त्यांना दाखवितो, आणि ते चष्मा कपाळावरून नाकावर आणून त्याचा रीतसर पंचनामा करतात.

“हे विमान किती उंचीवर आहे म्हणालास?”

“छत्तीस हजार फूट, काका.”

“मग चाके खाली कशाला? वाटेत कुणाकडे उतरायचे आहे का?”

चिरंजीव सांगू लागतात, की चाकांमुळे चित्राला भारदस्तपणा येतो. काका ऐकून घेतात आणि पंखाच्या मागल्या कडेला लोंबणाऱ्या फ्लॅप्सकडे बोट दाखवितात. एअरबस ३२० काय किंवा बोईंग ७३७ काय, २०,००० फुटांच्या वर फ्लॅप्स उघडू नयेत असा त्या विमानांचा नियमच आहे, हे काकांनी सत्तरी ओलांडल्यावर, केवळ चिरंजिवांना पेचात धरता यावे एवढ्यासाठी, शोधून काढले. डाव्या पंखाच्या टोकाला तांबडा दिवा आणि उजव्याला हिरवा, हेही त्यांना मुखोद्गत आहे. आणि मागे एकदा चिरंजिवांनी चित्राची मांडणी साधावी म्हणून चित्रच आरशातल्याप्रमाणे उलटे फिरविले, तेव्हा काकांनी दिव्यांचा हिशेब तपासून तांबडा दिवा भलत्या हद्दीत गेल्याचे दाखवून दिले, आणि शेपटीजवळची ‘व्हीटी’ ही भारतीय विमानांची अक्षरे ‘टीव्ही’ कशी झाली, अशी पृच्छा केली. कलावंताला असा एक वाचक आळीत असणे ही आम्ही दैवी कृपा समजतो. चिरंजीव तिला निराळे नाव देतात.

यंत्राकडून करून घ्यायच्या गोष्टी थोडक्यात आटोपतो. पंखाची तिरपी कड पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांची दिसते. त्यावर इलाज असा, की चित्र घेण्यापुरते खेळाच्या जमाबंदीत, म्हणजे सेटिंग्जमध्ये, ‘रेंडर स्केलिंग’चा आकडा १०० चा २०० करावा, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट होऊन बिंदू चौपट होतात आणि पायऱ्या विरघळतात. संगणक त्यामुळे घायकुतीला येतो आणि चलच्चित्राचे स्थिरचित्र होते, पण आपला त्रिशंकू हलत नसल्याने कोणाचे काही बिघडत नाही. मग थोडे थांबावे. झाडे, रस्ते आणि घरे दूरच्या दफ्तरातून तारेवरून येत असतात, आणि घाई करणाऱ्याच्या चित्रात गाव अर्धेच वसलेले असते. पडद्यावरचे आकडे, सूचना आणि मुख्य म्हणजे माऊसचा बाण हटवावा. सूर्यास्ताच्या अत्यंत भावपूर्ण आकाशात तो पांढरा बाण तरंगत असलेली चित्रे आम्ही इतकी पाहिली आहेत, की तो एखादा तारकासमूह असावा असे वाटू लागले आहे. ज्या शहरांची घरे हवाई छायाचित्रे जुळवून घनरूपात घडविली आहेत, त्यांच्यावर फार खाली उतरू नये, कारण दोन हजार फुटांवरून जे शहर हुबेहूब दिसते तेच छपराशी गेल्यावर वितळल्यासारखे होते, मोटारी रस्त्याला चिकटतात आणि पुलाखालची मोकळी जागा बुजून त्याचे धरण होते.

आपल्या सह्याद्रीची अडचण त्याहून मूलभूत आहे. मराठी माणूस सिम्युलेटर घेतो तो पहिल्या दिवशी आपले घर शोधतो आणि दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जातो. आता कोकणकडा प्रसिद्ध आहे तो त्याच्या आत वळलेल्या पोटासाठी, म्हणजे कड्याचा माथा पुढे आणि छाती मागे. पण खेळातली जमीन घडविली आहे ती प्रत्येक ठिकाणाची एकच उंची नोंदवून, आणि ज्या जमाखर्चात एका ठिकाणी एकच उंची लिहायची सोय आहे, त्यात डोक्याखाली पोकळी असलेला कडा बसणार कसा? शिवाय उपग्रहाने चित्र घेतले वरून, त्यामुळे उभ्या कड्याच्या वाट्याला आलेला रंगाचा चिंचोळा पट्टा खालपर्यंत ताणून बसविलेला असतो. काकांचे मत पडले की, सर्व्हे नंबर बरोबर आहे, फक्त कडा गहाळ आहे. तरीही या खेळातली आम्हाला सर्वांत आवडलेली तसबीर तेथलीच आहे, कारण चिरंजिवांनी कड्याच्या छातीशी न भिडता, घाटमाथ्यावरून, पावसाळी ढग कोकणाच्या बाजूने अर्ध्यावर चढलेले असताना, लहानशा सेसनाची आकृती दूर ठेवून ती घेतली. उणीव ढगात गेली आणि डोंगर उरला.

ढगांचा असा उपयोग ज्याला कळला त्याला धुक्याचाही कळतो. खेळातल्या हवामानाच्या पट्टीवर हवेतील धूळ कमीअधिक करण्याची तजवीज आहे, आणि बहुतेक लोक ती शून्यावर आणतात, कारण पैसे मोजून घेतलेला डोंगर धुळीत का घालवावा! परिणामी शंभर मैलांवरचा डोंगर आणि दहा मैलांवरचा डोंगर सारख्याच ठसठशीत रंगात उभे राहतात आणि सबंध देखावा नाटकाच्या पडद्यावर आणून टांगल्यासारखा होतो. खऱ्या हवेत दूरचे डोंगर फिके आणि निळसर होत जातात, म्हणूनच ते दूरचे वाटतात. पंख्याच्या विमानांचेही तेच. खरे छायाचित्रकार फिरता पंखा अस्पष्ट यावा म्हणून मुद्दाम कॅमेऱ्याचा पडदा सावकाश, सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाएवढा किंवा त्याहूनही अधिक काळ उघडा ठेवतात, आणि त्यात हात हलून बाकीचे विमान बिघडण्याचा धोका पत्करतात. ज्या चित्रात पात्यांची संख्या स्वच्छ मोजता येते, त्यातले इंजिन बंद पडले आहे असे जाणकार धरून चालतात. या मंडळींच्या चित्रांत मात्र सर्व काही लख्ख पाहिजे असते. पाते लख्ख, खिळा लख्ख, शंभर मैलांवरचे झाडही लख्ख.

आणि लख्खपणाने पोट भरले नाही म्हणजे रंगाची पाळी. चित्र काढून झाल्यावर त्यावर संस्कार करण्याचे जे निरनिराळे कार्यक्रम मिळतात त्यांत रंग गडद करण्याची एक पट्टी असते, आणि ती डावीकडेही सरकते हे आजवर कोणाच्या निदर्शनास आलेले दिसत नाही. समुद्र मोरपंखी होतो, हिरवळ पोपटी होते, संध्याकाळचे आकाश देवीच्या मळवटासारखे लालभडक होते, आणि मधोमध ते बिचारे पांढरे विमान, आपण कोणत्या लग्नाला आलो आहोत असा चेहरा करून, लोंबत राहते. आमची या बाबतीत एक सूचना आहे आणि ती काकांनाही मान्य आहे: चित्र पुरे झाले असे वाटल्यावर रंगाची पट्टी जेथे असेल तेथून निम्म्यावर आणावी, रात्र जाऊ द्यावी, आणि सकाळी चहापूर्वी पुन्हा एकदा पाहावे. तरीही ते आवडले तर आप्तेष्टांस अवश्य धाडावे. मात्र धाडण्यापूर्वी, आमच्या शेजाऱ्यांची प्रकृती लक्षात घेऊन, चाके तेवढी आत घ्यावीत ही विनंती.